“कोणती दुर्बीण घेऊ?” हा प्रश्न शंभराव्यांदा येतो तेव्हा

मराठी आकाशनिरीक्षकांच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर राहिलं की लक्षात येतं, प्रश्नांचंही एक पंचांग असतं. मे लागला की ‘आमच्याकडे शून्य सावली कधी?’ ऑगस्टात ‘यंदा मंगळ चंद्राएवढा दिसणार म्हणे, खरं का?’ पाऊस सरून आकाश निवळलं की दिवाळीच्या तोंडावर ‘मुलीला दुर्बीण घ्यायची आहे, कोणती चांगली?’ आणि बारा महिने, कुठल्याही रात्री, ‘आत्ता आकाशात दिव्यांची माळ ओळीने जाताना दिसली, काय असेल?’

जुन्या मंडळींना ही उत्तरं तोंडपाठ असतात, आणि ती देऊन देऊन आलेला कंटाळाही खोटा नसतो. मग कोणी ‘वर स्क्रोल करा’ म्हणतं, कोणी ‘गुगल करून बघा’ म्हणतं, बाकीचे वाचून पुढे जातात. विचारणारा एखाद-दोन दिवस वाट बघतो आणि गप्प होतो. भांडून गेलेला सभासद सगळ्यांना आठवतो, हा गप्प झालेला कोणालाच आठवत नाही. हौशी खगोलमंडळांत पगारी माणसं नसतात. उद्या गच्चीवर दुर्बीण चढवायला, शाळेत कार्यक्रम घ्यायला, मुंबईजवळच्या वांगणीला रात्रभर जागून लोकांना नक्षत्रं दाखवायला जे हात लागणार आहेत, ते आज असा बाळबोध प्रश्न विचारणाऱ्यांचेच आहेत. त्याच त्या प्रश्नांचं काय करायचं, यावर मंडळ टिकणार की नाही हे ठरतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण जुनी आहे, आणि तिच्यावरचा पहिला नीट उपाय निघाला तोही अवकाशाची आवड असणाऱ्यांमध्येच. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात, इंटरनेट घरोघरी यायच्या कितीतरी आधी, संगणकांच्या जाळ्यावर अवकाशाविषयी पत्रांची देवाणघेवाण चालायची. जुनी पत्रं साठवून ठेवणं महाग होतं आणि नव्याने आलेल्याला ती मिळवणं जिकिरीचं. साहजिकच तेच प्रश्न फिरून फिरून यायचे. तेव्हा नासाच्या एम्स संशोधन केंद्रातल्या यूजीन मिया यांनी नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकत्र केली आणि ती ठरावीक काळाने सगळ्यांना पाठवायला सुरुवात केली. आज बँकेच्या संकेतस्थळापासून वीजबिलाच्या ॲपपर्यंत सगळीकडे ‘नेहमीचे प्रश्न’ असं जे पान असतं, त्याचं मूळ इथे सापडतं.

यूजनेट नावाच्या जाळ्यावर पुढे हीच पद्धत रुळली. तिथे नवख्यांची लाट मुख्यतः सप्टेंबरात यायची, कारण अमेरिकेतल्या विद्यापीठांत तेव्हा नवे विद्यार्थी दाखल व्हायचे. थोडे दिवस गोंधळ, मग बाकीच्यांचं पाहून ते शिकायचे. १९९३-९४मध्ये खासगी कंपन्यांनी घरगुती ग्राहकांना तिथे प्रवेश दिला आणि नवखे रोज येऊ लागले. तो सप्टेंबर मग संपलाच नाही, असं जुने लोक म्हणायचे. यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. नवखा पाहून पाहून शिकतो हे खरं, पण त्यासाठी त्याच्या अवतीभवती पुरेशी जुनी माणसं असावी लागतात आणि त्याला थोडा वेळही मिळावा लागतो. २३ ऑगस्ट २०२३ला चंद्रयान-३ चंद्रावर उतरल्यावर ज्या ग्रुपांत एका आठवड्यात ढिगाने माणसं आली, त्यांना हे दोन्ही मिळालं नाही.

विसरणारा ग्रुप

‘वर स्क्रोल करा’ हे उत्तर बहुतेक वेळा निव्वळ चुकीचं असतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये नव्याने आलेल्याला आधीचं बोलणं सहसा दिसतच नाही. जुन्या सभासदाला जी गोष्ट ‘परवाच तर सांगितली’ असते, ती नव्याच्या लेखी झालेलीच नसते. दिसली तरी सापडत नाही, कारण शोधायला शब्द ठाऊक असावे लागतात. ज्याला ‘नेत्रिका’ (दुर्बिणीत डोळा लावायचं भिंग) हा शब्द माहीत नाही, तो त्या शब्दाने काय शोधणार? तो ‘दुर्बीण झूम’ असं शोधेल आणि त्याला शुभेच्छांची चित्रं मिळतील.

थोडक्यात, प्रश्न परत आला याचा अर्थ विचारणारा आळशी आहे असा होत नाही. उत्तर चुकीच्या जागी ठेवलंय, एवढाच होतो. आपल्याला उत्तर येतं आणि ते ग्रुपमध्ये कुठेतरी लिहिलेलंही आहे, पण नवखा ज्या दाराने आत येतो त्या दाराशी ते नाही. ग्रुपचं वर्णन, पिन केलेला संदेश, सामील झाल्याझाल्या येणारा स्वागताचा निरोप, हे ते दार.

एका प्रश्नातले दोन प्रश्न

दुर्बिणीचा प्रश्न जरा जवळून पाहू, कारण यात सगळं आलं. संदेश साधारण असा असतो: “नमस्कार सर, माझ्या मुलीला आकाशाची खूप आवड आहे. पाच-सात हजारांत ५०० पट मोठं दाखवणारी चांगली दुर्बीण कोणती?”

याचा एक भाग कधीच बदलत नाही. दुर्बीण किती पट मोठं दाखवते हे काढायचं गणित सोपं आहे. मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या नाभीय अंतराला (भिंगापासून दूरच्या वस्तूची प्रतिमा जिथे स्पष्ट पडते तिथपर्यंतच्या अंतराला) नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागायचं. ९०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण आणि २५ मिमीची नेत्रिका, म्हणजे ३६ पट. नेत्रिका १० मिमीची लावली तर ९० पट. नेत्रिका लहान लहान घेत गेलं की आकडा वाढत जातो, म्हणून खोक्यावर ५०० छापणं कोणालाही जमतं. प्रतिमा मात्र कुठपर्यंत स्पष्ट राहील हे मुख्य भिंगाच्या व्यासावर अवलंबून असतं. व्यासाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट, असा ठोकताळा आहे. ७० मिमीच्या दुर्बिणीला १४० पटींच्या पुढे नेलं तर चित्र मोठं होतं, धूसर होतं आणि अंधारतं. त्यात तिपाई हलकी असली तर वाऱ्याच्या झुळकीने शनी नजरेतून निघून जातो. म्हणून पहिल्यांदा व्यास बघायचा, मग तिपाई, आणि खोक्यावरचा आकडा बघायचाच नाही. हे सगळं एकदा नीट लिहून ठेवावं. दरवेळी नव्याने टाइप करायची गरज नाही, आणि तसं केलं की शंभरावं उत्तर तुटक होतं.

दुसरा भाग प्रत्येक घराचा वेगळा. मुलगी किती वर्षांची आहे? घराला गच्ची आहे की फक्त खिडकी? राहायला पुण्याच्या मध्यवस्तीत की दापोलीजवळच्या खेड्यात? तिने आधी कधी दुर्बिणीतून पाहिलंय का? आणि मुख्य म्हणजे, तिला काय पाहायचंय? आम्ही जाणकार मंडळी सहसा सरसकट सांगतो की आधी १०×५०ची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी बघायची, १० पट मोठं दाखवणारी, ५० मिमी व्यासाच्या भिंगांची) घ्या, दुर्बीण नंतर. सल्ला चांगला आहे. त्या द्विनेत्रीतून चंद्रावरची मोठी विवरं, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकेतले कितीतरी तारे, मृगातला तेजोमेघ, अंधाऱ्या जागेवरून देवयानी दीर्घिका, असं पुष्कळ काही दिसतं. पण त्या मुलीने शाळेच्या पुस्तकात शनीची कडी पाहिली असतील आणि तिला तीच हवी असतील, तर द्विनेत्री तिला नाराज करणार. कड्यांसाठी निदान पंचवीस-तीस पट वर्धन आणि न हलणारी तिपाई लागते. म्हणजे एकाच वाक्यात विचारलेल्या प्रश्नाची दोन घरांसाठी दोन उत्तरं झाली, आणि हे उलट विचारल्याशिवाय कळलंच नसतं.

लोक बहुधा त्यांना काय साधायचंय ते विचारत नाहीत, त्यांनी स्वतःच ठरवलेल्या वाटेबद्दल विचारतात. ५०० पट ही त्या वडिलांनी जाहिरातीवरून ठरवलेली वाट आहे, घरातली खरी इच्छा शनीची आहे. न बदलणारा भाग लिहून ठेवायचा तो एवढ्यासाठीच की बदलणाऱ्या भागासाठी माणसाकडे दम शिल्लक राहावा.

यावरून उत्तर कसं द्यायचं तेही निघतं. नुसती लिंक चिकटवली तर ती दार लावून घेतल्यासारखी वाटते. लिंकच्या आधी एक ओळ त्या माणसासाठी हवी: “दादा, वर्धन आणि व्यासाचं इथे सविस्तर लिहिलंय, तेवढं वाचा. मुलगी किती वर्षांची आणि तिला काय बघायचंय ते सांगा, मग नेमकं बोलू.” लिहायला अर्धा मिनिट लागतो. पुढे दहातले काही जण परत येतच नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. जे येतात ते वाचून येतात, आणि त्यांचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा फार चांगला असतो.

टिपण लिहिताना

ते विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहावं. मथळा ‘दुर्बिणींचे प्रकार व प्रकाशशास्त्र’ असा नको, ‘मुलांसाठी पहिली दुर्बीण कोणती घ्यावी?’ असा हवा. पहिल्या दोन ओळींत उत्तर आणि त्याखाली कारण. मोबाइलवर एका बोटाने सरकवत वाचणाऱ्याला आधी प्रकरणाचा इतिहास सांगत बसू नये.

वर तारीख घालावी. आकाशाची उत्तरंही शिळी होतात. २०२५मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून जवळजवळ कडेने दिसत होती, म्हणजे एक बारीक रेघ. ज्यांनी जुनं टिपण वाचून तेव्हा दुर्बीण घेतली त्यांना आपलीच दुर्बीण बिघडलेली वाटली असणार.

काही प्रश्नांना टिपणापेक्षा तक्ता बरा. शून्य सावलीचं तसंच आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि तेवढा वेळ उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टात पडते आणि सहसा ढगांत जाते. पहिली वेळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते: पणजीला मेच्या अगदी सुरुवातीला, कोल्हापूरला ६ तारखेच्या सुमारास, पुण्यात १३, मुंबईत १५ आणि नागपुरात २६च्या आसपास. गावांची यादी एप्रिलअखेर ग्रुपवर पिन केली की मे महिना निवांत जातो. प्रश्न कधी येणार हे आपल्याला माहीत असताना त्याची वाट का पाहायची?

मंगळाच्या अफवेचं थोडं वेगळं. तिथे ‘खोटं आहे, पुढे पाठवू नका’ एवढं लिहून भागत नाही, पुढच्या ऑगस्टात ती परत येते. ती कुठून आली ते सांगितलं तर माणसाच्या लक्षात राहतं. २७ ऑगस्ट २००३ला मंगळ खरोखरच पृथ्वीच्या फार जवळ, सुमारे ५.६ कोटी किलोमीटरवर आला होता. इतका जवळ तो जवळपास ६०,००० वर्षांत आला नव्हता. तेव्हा मंगळाची तबकडी २५ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) दिसत होती आणि पूर्ण चंद्राची साधारण १,८०० विकलांची असते. पंचविसाला ७५ने गुणून पाहा. ७५ पट वर्धनाच्या दुर्बिणीतून मंगळ, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, असं मूळ इंग्रजी संदेशात म्हटलं होतं आणि ते बरोबर होतं. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळाली, २००३ही गळालं, ऑगस्ट तेवढा राहिला. हे ज्याला एकदा समजलं तो पुढच्या वर्षी स्वतःच दुसऱ्याला समजावतो.

आणि एक अपवाद, ज्यात मी कुठलीही सवलत देणार नाही. ‘ग्रहण एक्सरेच्या फिल्ममधून पाहिलं तर चालेल का?’, ‘दुर्बिणीतून सूर्य बघू का?’ असे प्रश्न हजाराव्यांदा आले तरी लिंक नाही, उलटा प्रश्न नाही. तिथल्या तिथे, पूर्ण उत्तर: नाही, एक्सरेची फिल्म चालत नाही, प्रमाणित ग्रहणचष्माच हवा. दुर्बिणीच्या तोंडावर योग्य सौरफिल्टर नसेल तर ती सूर्याकडे वळवायचीसुद्धा नाही, क्षणात डोळा जातो. ग्रहणचष्मा लावून दुर्बिणीत डोकावणंही तितकंच घातक. जिथे इजा होऊ शकते तिथे उत्तर माणसापर्यंत एका क्लिकचंही अंतर न ठेवता पोचलं पाहिजे.

उत्तर कोणी द्यावं

सर्वांत जाणकार माणसाने, असं आपल्याला वाटतं. अनुभव वेगळं सांगतो. १९९०मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. निम्मी तरी गाणी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२०पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. वीस वर्षं आकाश पाहणारा माणूस ‘ध्रुव शोधायला सप्तर्षींचा आधार घ्या’ असं सहज सांगून जातो. समोरच्याला सप्तर्षी ओळखता येत नाहीत, हीच तर त्याची अडचण असते.

म्हणून मागच्या दिवाळीत ज्याने हाच प्रश्न विचारला होता त्याला यंदा उत्तर द्यायला सांगावं. कुठे अडलं होतं ते त्याला अजून आठवतं. तो चुकला तर जाणकारांनी खाली हलकेच दुरुस्ती करावी, त्याचं उत्तर खोडू नये. यातून दोन कामं होतात: जुन्यांवरचा भार उतरतो, आणि कालचा नवखा आज मंडळाचा माणूस होतो.

पहिला प्रतिसाद किती जड असतो याचा पुरावा विकिपीडियाकडे आहे. इंग्रजी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांची संख्या २००७च्या सुमारास शिगेला पोचली आणि मग उतरू लागली. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कारण दिसलं ते असं, की चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचं पहिलंवहिलं काम झटपट, यंत्रवत परतवलं जात होतं आणि ते निघून जात होते. दरम्यान २०१२मध्ये तिथे नवख्यांसाठी ‘टीहाऊस’ नावाची वेगळी जागा सुरू झाली होती. तिथे कोणताही प्रश्न विचारावा आणि समोरच्याने सौजन्याने उत्तर द्यावं. तिचं आमंत्रण मिळालेले नवखे न मिळालेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात टिकले, हेही पुढे तपासून पाहिलं गेलं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या ठिकाणाने दुसरी वाट धरली होती: प्रश्न आधी येऊन गेला असेल तर जुन्या उत्तराकडे बोट दाखवून नवा बंद करायचा. त्यामुळे उत्तरांचा साठा फार उत्तम झाला, त्याचा फायदा जगभर झाला. मात्र नवख्यांना आणि स्त्रियांना इथे परकं वाटतं, हे २०१८मध्ये त्या कंपनीनेच जाहीरपणे मान्य केलं. साठा जपायचा की माणसं, असा पेच आला तर हौशी मंडळाने माणसांच्या बाजूने राहावं. आपण ज्ञानकोश चालवत नाही, रात्री एकत्र आकाश बघतो.

दमलेल्या जाणकाराचं काय? त्याला उत्तर न देण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि तो त्याने बिनधास्त वापरावा. चिडून दिलेल्या उत्तरापेक्षा गप्प बसणं केव्हाही बरं, पण एवढ्याच बोलीवर, की दुसरं कोणीतरी उत्तर देईल. ती सोय लावणं ॲडमिनचं काम. तीन-चार जणांनी आठवडे वाटून घेतले की पुरतं.

परत परत यावेत असे प्रश्न

शेवटी एका वेगळ्या जातीच्या प्रश्नाबद्दल. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भात आणि उत्तर महाराष्ट्रात आकाशातून पेटत्या गोळ्यांची रांग सरकत गेली. हजारोंनी पाहिली. काही मिनिटांत सगळ्या ग्रुपांवर एकच प्रश्न, शेकडो वेळा: ‘आत्ता आकाशात काय गेलं?’ चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा जुना टप्पा वातावरणात शिरून जळत होता, हे जाणकारांनी नंतर सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं होतं.

अशा वेळी ‘हा प्रश्न आधीच विचारलाय’ म्हणणं म्हणजे हातातली नोंद फेकून देणं. प्रत्येक विचारणारा हा एक साक्षीदार असतो. दोन लांबच्या गावांतून कोणत्या दिशेला आणि किती उंचावर दिसलं हे कळलं, तर ती वस्तू किती वरून आणि कुठून कुठे गेली याचा हिशेब मांडता येतो. म्हणून ॲडमिनजवळ एक संदेश तयार असावा आणि तो प्रत्येकाला पाठवावा: तुम्ही कुठे होतात? घड्याळात नेमके किती वाजले होते? कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला गेलं? क्षितिजापासून किती वर? (हात सरळ लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश, किती मुठी ते सांगा.) किती सेकंद दिसलं? आवाज आला का, आला तर किती वेळाने? स्टारलिंकच्या उपग्रहांची माळ असो, उल्का असो, हवामानाचा फुगा असो की रॉकेटचा तुकडा, या सहा उत्तरांवरूनच काय ते ओळखू येतं.